शरदात लहान मुलगा आणि आईवडिलांना घेऊन डोंगरात जायचंय, बेत कसा आखू?

सोबत सहा वर्षांचा मुलगा, सत्तरीतले आईवडील आणि हातात चार-पाच दिवस, असं तुम्ही लिहिलंय. माझं उत्तर एवढंच: डोंगरातला दिवस दुपारी तीनला संपतो असं धरून चाला.

हे मी फजिती होऊन शिकले. मोबाइलवर सूर्यास्त सहाच्या पुढचा दिसत होता, म्हणून आम्ही जेवूनखाऊन निवांत चढायला लागलो. पण समोरच्या कड्याआड सूर्य साडेतीनलाच गेला आणि अख्खी दरी सावलीत आली. अर्ध्या तासात धाकटीची बोटं इतकी गारठली की तिला स्वेटरचं बटण लावता येईना. जाड कपडे अर्थातच खाली गाडीत! बाबांचे गुडघे चढताना गप्प होते, उतरताना कुरकुरायला लागले. शेवटचा टप्पा मोबाइलच्या उजेडात उतरलो.

उत्तर गोलार्धात २२-२३ सप्टेंबरनंतर रात्र दिवसापेक्षा मोठी होत जाते. ४५ अक्षांशाच्या आसपास या दिवसांत रोज सुमारे ३ मिनिटं उजेड कमी होतो, म्हणजे आठवड्यात वीसेक मिनिटं गेलीच. शिवाय हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. तेव्हा सकाळी निघा, दुपारी मुक्कामी परत या.

मुक्काम एकच ठेवा, रोज बॅगा भरण्यात सगळ्यांचा जीव जातो. तो अगदी दरीच्या तळाशी नको. रात्री गार हवा जड होऊन खाली साचते, त्यामुळे तळाला सकाळी उशिरापर्यंत धुकं आणि थोडं वर उतारावर छान ऊन, असं बऱ्याचदा होतं. २५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ सुरू होऊ शकते. घरच्यांबरोबर मी तरी त्याच्या खालीच राहते. तुम्ही ३००० च्या वर जाणार असाल तर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि आईवडिलांच्या डॉक्टरांशी आधी बोला.

पानांचे रंग बघायचे असतील तर ते माथ्याकडून खाली उतरत येतात. उशीर झाला तर खालचा भाग निवडा. आमच्या धाकटीला एक लाल पान सापडलं, त्यावर दुसऱ्या पानाचा पिवळा ठसा! पिवळा रंग पानात आधीपासून असतो, हिरवा ओसरला की दिसतो. लाल मात्र बऱ्याच झाडांत शरदातच नव्याने तयार होतो, आणि त्याला ऊन लागतं. वरच्या पानाची सावली पडली तेवढा भाग पिवळाच राहिला. मग ठसा उमटवणारं पान शोधण्यात तिची चाळीस मिनिटं गेली. पुढचा व्ह्यू पॉइंट बुडाला, बाबा खूश, कारण त्यांना बसायला मिळालं.

मुलाला गाडी लागत असेल तर वळणांवर हातात मोबाइल देऊ नका, लांबचं बघायला सांगा. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, सारखा ब्रेक दाबून तो तापतो. आणि टॉर्च, टोप्या, हातमोजे पाठीवरच्या पिशवीत घ्या, गाडीत नको.