‘नवीन काय वाचलंत?’ या प्रश्नाचं ओझं

“मॅडम, इतकी नवी पुस्तकं येताहेत आणि मी मागेच पडतेय.”

समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की पुढचं मला पाठ असतं. उशाशी न वाचलेली चळत आहे, तरी नवीन आणलं जातं. मुलांसाठी कोणतं घ्यावं कळत नाही. घेतलेलं मूल उघडून बघत नाही. पूर्वी मी हे हसण्यावारी न्यायचे. पुस्तकांची कसली आलीय चिंता! आता नेत नाही. ही हकिगत एका बाईंची आहे, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

या बाई नव्या पुस्तकांची परीक्षणं लिहितात, मोठ्यांच्या आणि मुलांच्याही. हौसेने सुरू केलेलं काम. मग लोक विचारू लागले, “यंदा चांगलं काय आलंय?” आणि उत्तर तयार ठेवणं हे कर्तव्य होऊन बसलं. माझ्याकडे आल्या त्या झोपेची तक्रार घेऊन. रात्री दीडपर्यंत वाचायचं आणि सकाळी त्यातलं काही आठवायचं नाही. त्यात नऊ वर्षांच्या मुलाने पुस्तकाला हात लावणं सोडलेलं. “लोकांना मुलांची पुस्तकं सुचवते मी. माझाच मुलगा वाचत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू?”

सुरुवातीला मी चुकले. महिनाभर नवं पुस्तक उघडायचंच नाही, असं सुचवलं. आठव्या दिवशी त्या दुप्पट चिडचिड घेऊन हजर. माझ्या सल्ल्यातही तोच ‘च’ होता, हे त्या गेल्यावर माझ्या ध्यानात आलं.

हा ‘च’ माझा जुना वैरी. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वळणाची. इच्छेचा हट्ट झाला की माणूस स्वतःलाच छळू लागतो, ही त्यांची १९५०च्या दशकातली मांडणी. मराठीत तर तो हट्ट एका अक्षरात पकडता येतो. ‘मला नवी पुस्तकं वाचायला आवडतात’ ही इच्छा; ‘नवीन आलेलं मी वाचलंच पाहिजे’ हा हट्ट. व्याख्यान देण्याऐवजी मी त्यांना हिशेब घातला. “आठवड्याला एक पुस्तक धरा. चाळीस वर्षांत किती?”

त्यांनी मोबाइलवर गुणाकार केला. २,०८०.

“एवढीच?”

“एवढीच. तीही एक आठवडा न चुकवता.”

“म्हणजे सुटणारीच नेहमी जास्त असणार.” त्या हसल्या. मला वाटलं, सुटली गाठ. सुटली नव्हती. आकड्याने धावपळ थोडी मंदावली, पण वाचनातली चव काही परत येईना.

मग एकदा मी म्हटलं, “पुढच्या वेळी तुमचं एक परीक्षण आणि ते पुस्तक, दोन्ही घेऊन या.” आल्या. परीक्षण मोठ्याने वाचलं: ओघवती भाषा, अंतर्मुख करणारं कथानक, संग्राह्य पुस्तक. मी विचारलं, “हेच परीक्षण दुसऱ्या एखाद्या पुस्तकाला चालेल?”

प्रश्न साधाच होता, पण इतक्या वर्षांच्या कामात मला सुचलेल्या चांगल्या प्रश्नांत मी त्याला धरते. त्या गप्प झाल्या. मग पर्स उघडून घडी घातलेला वहीचा कागद काढला. मुलाचा होता, मला दाखवायला, तक्रार म्हणून आणलेला. प्रत्येक पुस्तक संपल्यावर चार ओळी लिहायच्या आणि मग अर्धा तास मोबाइल, असा घरचा करार. कागदावर लिहिलं होतं: ‘पुस्तक छान आहे. चित्रे छान आहेत. मला खूप आवडले. सर्वांनी वाचावे.’

दोन्ही कागद त्यांनी माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. “मॅडम, हे एकच परीक्षण आहे.” मी काही बोलले नाही. अशा वेळी तोंड बंद ठेवणं हे आमच्या व्यवसायातलं अर्धं कौशल्य. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, चाळलं आणि एका पानाशी थांबल्या. समासात पेन्सिलची फिकट रेघ होती. त्या पानावर एक म्हातारा नुकत्याच गेलेल्या बायकोचा चष्मा पुसून पुन्हा डबीत ठेवतो. त्याबद्दल त्या दहा मिनिटं बोलल्या. परीक्षणात त्या चष्म्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

तिथून पुढचं काम सोपं झालं. बाई परीक्षणाची सुरुवात रेघ मारलेल्या पानापासून करू लागल्या. अर्ध्यात सोडलेलं पुस्तक अर्ध्यात सोडलं, असंच लिहू लागल्या. हे पुस्तक कोणाला आवडणार नाही, याचीही एक ओळ घालू लागल्या. मला विचाराल तर वाचकाला सगळ्यात उपयोगी ओळ तीच. नवं पुस्तक हेरताना मलपृष्ठावरच्या मजकुरावर भिस्त ठेवू नका, असं मी सगळ्यांनाच सांगते. पहिलं पान वाचा आणि मधलं कुठलंही एक. लेखकाने पहिल्या पानावर जीव ओतलेला असतोच, खरी परीक्षा मधल्या पानाची. शीर्षकपानाच्या मागे छापलेली आवृत्तीची माहितीही बघा. ‘नवं’ म्हणून हाती आलेलं पुस्तक कधी कधी जुन्याचंच पुनर्मुद्रण निघतं. मुलांचं चित्रपुस्तक असेल तर आधी मजकूर झाकून नुसती चित्रं पाहा. चित्रं फक्त मजकुराचीच री ओढत असतील, तर मूल दुसऱ्यांदा ते उघडायची शक्यता कमी. वयोगटाचा छापील आकडा हा अंदाज असतो. नऊ वर्षांच्या मुलाने सहा वर्षांच्या मुलाचं पुस्तक चौथ्यांदा काढलं, तर काढू द्या.

चार ओळींचा करार मात्र लगेच मोडायला लावला. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रं काढण्याची मुळातच आवड असलेल्या छोट्या मुलांवर प्रयोग केला. काहींना आधीच प्रशस्तिपत्र कबूल करून चित्रं काढायला लावलं. पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं चित्रांकडे कमी वळली; काहीच कबूल न केलेल्या मुलांच्या तुलनेत साधारण निम्मा वेळ. बक्षीस अवचित मिळालेल्यांची आवड टिकून होती. पालकांना हे सांगितलं की ते मान डोलावतात आणि घरी जाऊन तक्त्यावर चांदणी चिकटवतात. या बाईंनी मात्र ऐकलं. पुस्तकं जिथे मुलगा बसतो तिथे नुसती पडू दिली, विचारलं काही नाही. पाच आठवडे काहीही घडलं नाही. रोज मला फोन करावासा वाटायचा, म्हणाल्या.

सहाव्या आठवड्यात तो स्वयंपाकघरात आला, हातात चित्रपुस्तक. “आई, बाराव्या पानावर एक कुत्रा आहे. पुढे कुठेच नाही. तो गेला कुठे?”

त्या पुस्तकावर बाईंनी परीक्षण लिहिलं होतं. संग्राह्य, म्हणून. कुत्रा त्यांना दिसलाच नव्हता. गॅस बंद करून दोघं जमिनीवर बसली आणि एकेक पान शोधत गेली.

कुतूहलाने मीही ते पुस्तक मागवून घेतलं. दोनदा पाहिलं. मला अजून सापडलेला नाही.