रोज तीस शब्द आणि गप्प झालेली मुलगी

प्रश्न : माझी मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती. ८८ टक्के मिळाले, यंदा अकरावी सायन्सला आहे. तिला डॉक्टर करायचं आहे. इंग्रजी कच्चं म्हणून लहान मुलांच्या इंग्रजी गोष्टींचं पुस्तक आणलं. त्यातले रोज तीस शब्द अर्थासह लिहायला लावतो, सकाळी विचारतो, चुकलेला शब्द वीस वेळा लिहून घेतो. सुरुवातीला ती धाकट्या भावाला गोष्टी वाचून दाखवायची, आता पुस्तकाचं नाव काढत नाही. पाठ केलेले शब्दही विसरते. पुढे कोणतं पुस्तक घ्यावं? की स्पोकन इंग्लिशचा क्लास लावावा?
– एक पालक, बार्शी

उत्तर : पुढचं पुस्तक नको आणि क्लासही नको. ती भावाला गोष्टी वाचून दाखवायची, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. अहो, तिचं इंग्रजी सुधारत होतं ते तेव्हाच! भाऊ मध्येच ‘म्हणजे काय गं ताई?’ विचारणार, ती मराठीत समजावणार, पुढच्या पानावर तोच शब्द पुन्हा भेटणार. तुम्ही त्यात वही आणि शिक्षा आणली. अकरावीतल्या मुलीला धाकट्या भावादेखत एकच शब्द वीस वेळा गिरवायला लावणं हा अभ्यास नाही, अपमान आहे. सकाळच्या तपासणीच्या धास्तीने पाठ केलेले शब्द तपासणी संपली की जाणारच. तिची स्मरणशक्ती चांगलीच आहे, नाहीतर ८८ टक्के आले असते का? वही आजच बंद करा. पुस्तक दोघा भावंडांकडे राहू द्या, आणि वाचताना तुम्ही तिथे बसू नका.

जितके अवघड शब्द, तितकं चांगलं इंग्रजी, असं बऱ्याच पालकांना वाटतं. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट घ्या. तुमच्या वहीत ‘पिचर’ आणि ‘पेबल’ नक्की असतील. ‘रीच’ नसेल, कारण तो सोपा. पण कावळ्याची चोच पाण्यापर्यंत पोचत नाही तिथे जो ‘रीच’ आहे, तोच फिजिक्समध्ये वर फेकलेला चेंडू कमाल उंची गाठतो तिथे येतो. खडे टाकल्यावर पाणी वर चढतं, तिथला ‘राइज’ केमिस्ट्रीत तापमानाला लागतो. ‘अनलेस’, ‘अनटिल’ हे तर यादीत कुणी धरतच नाही, आणि ते नीट कळले नाहीत तर प्रश्नाचा अर्थच उलटा होतो. ही कामाची भाषा गोष्ट सलग वाचताना कळते. सुटे शब्द घोकून ती यायची नाही.

डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचं, म्हणजे ‘नीट’चं म्हणाल तर १८० प्रश्न फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीचे. इंग्रजीचा एकही नाही, आणि पेपर मराठीतूनही देता येतो.

तिची खरी अडचण वेगळी असावी. कालपर्यंत जे प्रकाशसंश्लेषण होतं, ते कॉलेजात एकदम फोटोसिंथेसिस झालं. पेशीची सेल झाली, केंद्रकाचं न्यूक्लियस झालं. हे शब्द कावळ्याच्या गोष्टीत कुठून सापडणार? त्यासाठी बालभारतीच्या संकेतस्थळावरून दहावीच्या विज्ञानाचा भाग २ इंग्रजी माध्यमाचा उतरवून घ्या, पैसे पडत नाहीत. पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती, तिने मराठीत केलेलाच. दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडून तिला वाचू द्या. विषय डोक्यात पक्का असल्यामुळे इंग्रजी वाक्य काय म्हणतंय, याचा अंदाज तिचा तिलाच बांधता येईल. रोज एक-दोन पानं पुरेत.

शेवटचं, आणि हे जरा स्पष्टच लिहितो. ‘तिला डॉक्टर करायचं आहे’ असं तुम्ही म्हणता. तिला व्हायचंय का, हे पत्रात कुठेच नाही. तिचं स्वतःचं असं एकही वाक्य नाही. तिला विचारा, आणि ‘नाही’ म्हणाली तर ऐकून घ्या. बायोलॉजी आवडत असेल तर फार्मसी, नर्सिंग, मायक्रोबायोलॉजी, कृषी असे कितीतरी रस्ते आहेत. तिला काय वाटतं ते तिलाच लिहू द्या, मराठीत. तिचं पत्र आलं की कॉलेज आणि कोर्सचं बोलू.