पीएचडीला नुकतीच लागलेल्या मैत्रिणीस

मार्च 2020 मध्ये लॉकडाउनमुळे मुंबईची लोकल थांबली आणि मुंबई विद्यापीठाची कलिन्याची लायब्ररी आमच्यासाठी परदेशाइतकी लांब गेली. सर्वसामान्यांना गाडीत पाऊल ठेवायला फेब्रुवारी 2021 उजाडला, तेही ठरावीक वेळांपुरतं. ज्यांच्या नोंदी विभागातल्या कपाटात अडकल्या, त्यांचं काम ठप्प झालं. म्हणून मुलाखत झाली की त्याच रात्री टाइप कर, एक प्रत घरी ठेव.

फोनवरची आणि समोरासमोरची मुलाखत एकाच रकान्यात मात्र टाकू नकोस. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सासू शेजारी बसलेली असताना बाई फोनवर मोकळं बोलत नाही. संशोधन पद्धतीच्या प्रकरणात हे स्पष्ट लिही. माझ्या मते तिथेच प्रबंधाचा प्रामाणिकपणा दिसतो.

प्रबंध सादर करायच्या मुदतीचं म्हणशील तर यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2020 मध्ये सहा महिने वाढवून दिले होते, पण तोंडी भरवशावर कधीच राहू नकोस. गाइडशी ठरलेलं ईमेलवर घे.

आणि झोप उडाली, स्वतःचंच लिहिलेलं वाचवेना, तर त्याला आळस म्हणू नकोस गं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मलाही फोन कर, रात्री उशिरा केलास तरी चालेल.