अफिलिएट मार्केटिंगच्या टीममधली मुलं तीन महिन्यांतच गळतात. त्यांना धीर कसा द्यावा?

तुम्ही लिहिलंय की अफिलिएट मार्केटिंगच्या, म्हणजे वस्तूची लिंक देऊन तिच्यावरून झालेल्या विक्रीवर कमिशन मिळवण्याच्या कामात, तुमच्या टीममध्ये सात जण आहेत, रोज सकाळी ग्रुपवर प्रेरणादायी मेसेज टाकता, रविवारी झूम मीटिंग घेता, तरी चार जण गप्प झालेत. आधी ते मेसेज बंद करा. मीही वर्षभर टाकत होतो. शेवटी एका पोरानं विचारलंच, "दादा, तुमचा उगवता सूर्य ठीक आहे, पण माझ्या लिंकवरून कुणी काही घेत का नाही?"

आम्ही कराडात पाच जण मिळून घरगुती उपकरणांचे मराठी रिव्ह्यू करतो. टीममधल्या एका ताईंच्या मिक्सरच्या व्हिडिओवरून आठवड्यात चाळीसेक क्लिक आले, विक्री शून्य. "मला हे जमणारं नाही, सोडते मी," म्हणाल्या. मी शेजारी बसलो आणि त्यांच्याच मोबाइलवर लिंक उघडायला लावली. पान उघडलं, तर माल उपलब्ध नाही! चाळीस माणसं दुकानाच्या बंद शटरवरून परत गेली होती आणि ह्या बाई स्वतःला दोष देत बसल्या होत्या. दुसऱ्या मॉडेलची लिंक टाकली. तीन दिवसांनी पहिली ऑर्डर आली, तीही मिक्सरची नाही, स्टीलच्या गाळणीची. ॲमेझॉनवर लिंकवरून आत आलेल्या माणसानं 24 तासांत दुसरं काही घेतलं, तरी बहुतेक वेळा कमिशन मिळतं, हे त्यांना तेव्हा कळलं. 9 रुपये मिळाले. त्याचा स्क्रीनशॉट त्यांनी माहेरी पाठवला.

त्या दिवसापासून मीटिंगऐवजी मी प्रत्येकाबरोबर आठवड्याला अर्धा तास बसतो आणि रिपोर्ट दोघं मिळून वाचतो. क्लिकच नसतील तर व्हिडिओचं शीर्षक बघायचं, क्लिक असून विक्री नसेल तर लिंक, भाव आणि साठा बघायचा. एवढंच.

पैशाचं मात्र पहिल्या दिवशी तोंडावर सांगा. ॲमेझॉनवर कमिशन महिना संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी हातात येतं आणि गिऱ्हाइकानं वस्तू परत केली की तेवढी रक्कम वजा होते. दिवाळीच्या सेलमध्ये आकडा बघून नाचलेला पोरगा पुढच्या महिन्यात तोंड पाडून बसतो, तो यामुळेच. आमच्याकडे नव्या माणसाला मी सांगतो, सहा महिने यावर घरखर्च धरू नकोस, हातातली नोकरी सोडू नकोस. ऐकून काही जण तिथूनच परत जातात. जाऊ देत.

आणखी एक धास्ती असते. ॲमेझॉनचं नवं अफिलिएट खातं उघडलं की 180 दिवसांत किमान 3 विक्री व्हाव्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं. दिवस भरत आले की पोरं स्वतःच्याच लिंकवरून खरेदी करतात किंवा मामाला घ्यायला लावतात. स्वतःची खरेदी धरली जात नाही, आणि अशा उचापतींनी खातंच जाऊ शकतं. आमच्यातल्या एकाचं गेलं. त्याला नियम आधी सांगितला नव्हता, ती चूक माझी. खातं बंद झालं तरी पुन्हा अर्ज करता येतो, हेही सांगून ठेवा म्हणजे घाबरत नाहीत.

मी केलेला दुसरा गाढवपणा म्हणजे ग्रुपवर कमाईची क्रमवारी लावणं. पहिला खूश, बाकी सगळे जण ग्रुप म्यूट करून मोकळे.

एक विचारायचं राहिलं. तुमची 'टीम' म्हणजे पैसे भरून जोडलेली माणसं तर नाहीत ना? नवा माणूस आणला की आणणाऱ्याला वाटा, असं असेल तर त्याला अफिलिएट मार्केटिंग म्हणत नाहीत, ती साखळी झाली. थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांत पिरॅमिड योजनांना मनाईच आहे. तिथं धीर देत बसू नका, मुलांना बाहेर काढा.

तसं नसेल तर आज त्या चौघांपैकी एकाला फोन करून त्याची लिंक मागवून घ्या आणि स्वतः उघडून बघा. एखादी तरी बंद निघेल असं मला वाटतं.