सुंता करून घेऊ का, सर?

खुर्चीत बसल्यावर त्याने आधी फोन उलटा करून टेबलावर ठेवला, मग दार नीट लागलंय का ते मागे वळून पाहिलं. "सर, ऑपरेशनची तारीख मिळालीय. पुढचा शुक्रवार. करू की नको, तेवढंच सांगा."

वय 31, लग्नाला दीड वर्ष. (त्याच्या संमतीने लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) ऑपरेशन म्हणजे सुंता, लिंगाच्या टोकावरची कातडी काढून टाकणं. धर्माचा प्रश्न नव्हता, घरातून कुणाचा दबावही नव्हता. वाचून वाचून त्याने स्वतःच ठरवलं होतं आणि फोनवर नाव नोंदवलं होतं. तपासणी त्याच दिवशी सकाळी होणार होती.

हा प्रश्न घेऊन येणारे पुरुष वाटतात त्याहून जास्त आहेत. बहुतेक सगळे असेच येतात, दाराकडे बघत, हो किंवा नाही एवढंच ऐकायला.

मी कागद पुढे केला. "ऑपरेशन होऊन सहा महिने झालेत असं समजा. काय बदललेलं असेल? लिहा."

त्याने चार ओळी लिहिल्या. तिसरी खोडली, परत लिहिली. चौथी लिहिताना डावा हात कागदावर आडवा धरला होता, परीक्षेत शेजारच्याला दिसू नये म्हणून मुलं धरतात तसा.

पहिली ओळ स्वच्छतेची. ती लगेच निकालात निघाली. कातडी मागे जात असेल, तर अंघोळीच्या वेळी मागे घेऊन पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं आणि कातडी आठवणीने पुढे आणायची. एवढं पुरतं. ती मागेच अडकून बसली तर टोकाला सूज येते आणि तेव्हा उशीर न करता डॉक्टरकडे पळावं लागतं. साबण लावून घासत बसू नये, त्याने जळजळच वाढते.

दुसरी ओळ एचआयव्हीची. त्याने वाचलं होतं ते खरं आहे. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या तीन मोठ्या चाचण्यांमध्ये सुंता केलेल्या पुरुषांना स्त्रीकडून होणारी लागण सुमारे 60 टक्क्यांनी कमी दिसली. त्यावरून 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली, पण ती लागणीचं प्रमाण फार असलेल्या प्रदेशांसाठी, आणि कंडोमच्या जोडीने. त्याचं आणि बायकोचं आयुष्य ऐकल्यावर या ओळीसाठी टेबलावर झोपायचं कारण दिसेना. त्याने स्वतःच ती खोडली.

तिसरी ओळ होती, 'जास्त वेळ टिकेन.' इथे मी मुद्दाम थांबलो, कारण सगळ्यात जास्त निराशा इथे पदरी येते. टोक उघडं राहिलं की संवेदना बोथट होईल आणि शीघ्रपतन थांबेल, असा हिशोब असतो. शरीर त्या हिशोबाने चालत नाही. त्याच केनिया आणि युगांडातल्या पुरुषांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा सुंता झालेल्या आणि न झालेल्यांच्या लैंगिक समाधानात लक्षणीय फरक दिसला नाही. एखाद्याला संवेदना कमी झाल्यासारखी वाटते, एखाद्याला वाढल्यासारखी, अनेकांना तशीच. तुमच्या वाट्याला काय येईल हे आधी सांगता येत नाही आणि काढलेली कातडी परत येत नाही. शीघ्रपतनावर सराव आहेत, औषधं आहेत, दोघांनी मिळून घेतलेलं समुपदेशन आहे. त्यासाठी सुंता करू नका, हे मी स्पष्ट सांगतो.

चौथी ओळ त्याने बराच वेळ दाखवली नाही. मग हात उचलला. 'ती परत तसं म्हणणार नाही.'

"काय म्हणाल्या त्या?"

"एकदा डॉक्टरांना दाखव, म्हणाली."

"का म्हणाल्या असतील?"

तो गप्प झाला. मग कागदाची कड दुमडत, उलगडत बोलायला लागला. कातडी ताठरतेच्या वेळी मागे जात नव्हती. संबंधाच्या वेळी ओढ बसायची, चिरा पडायच्या, कधी रक्ताचा थेंब दिसायचा. लहानपणी कुणीतरी सांगितलं म्हणून त्याने जोर लावून ओढूनही पाहिलं होतं. आता दोन-तीन महिने तो आधीच झोपल्याचं सोंग घेत होता.

ऑपरेशनने खरोखर सुटू शकेल असा त्रास होता तो हा एकच, आणि चार ओळींत तो कुठेच नव्हता.

तारीख पुढे ढकलायला सांगून मी त्याला मूत्रविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. मोठ्या वयात वारंवार चिरा पडत असतील, खाज किंवा सूज येत असेल तर रक्तातली साखर तपासायलाच हवी. मधुमेहाची पहिली खूण कधी कधी इथेच दिसते. पांढरट, कडक चट्टे असतील तर तो वेगळा त्वचाविकार असू शकतो आणि तिथे डॉक्टर सहसा सुंताच सुचवतात. याची साखर ठीक निघाली, चट्टे नव्हते. मग स्टिरॉइडचं मलम, दिवसातून दोनदा, सहा आठवडे, आणि जोडीला कातडी हलकेच ताणणं. या साध्या मलमाने कितीतरी जणांचं ऑपरेशन टळतं, तरी ते करून न पाहताच लोक तारीख घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याला अर्धाच फरक पडला. जोर लावून ओढल्याच्या जुन्या जखमा भरताना तिथे कडक कडं तयार झालं होतं. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या: कातडी ठेवून फक्त कडं सैल करायचं, किंवा सुंता. निर्णय त्याचा होता.

त्या भेटीला बायकोही आली. "तुला दुखतंय हे मला दिसत होतं, म्हणून म्हटलं डॉक्टरांना दाखव," ती म्हणाली. "तू काय ऐकलंस?" त्याने ऐकलं होतं, 'तुझ्यात खोट आहे.' सहा महिने ते एक वाक्य उराशी धरून तो एकटा बसला होता.

दोन आठवडे विचार करून त्याने सुंता निवडली. पुन्हा कडं आखडायची भीती मागे नको, म्हणाला. मी परत कागद दिला. या वेळी दोनच शब्द आले, 'दुखायला नको.' हात आडवा नव्हता.

ऑपरेशन तासाभरात, जागा बधिर करून झालं. त्याच दिवशी घरी. पुढचं मात्र लोक नीट सांगत नाहीत, म्हणून सांगतो. टाके विरघळायला दोन-तीन आठवडे जातात. चार ते सहा आठवडे संबंध नाही, हस्तमैथुनही नाही. झोपेत आपोआप येणारी ताठरता टाक्यांना ओढ देते आणि माणूस दचकून जागा होतो. उघडं टोक कपड्यांना घासून पहिले काही दिवस नकोसं होतं. अकराव्या रात्री त्याचा मेसेज आला, "टाके तुटले वाटतं." तुटले नव्हते. रक्त थांबत नसेल, पू किंवा ताप असेल, लघवी होत नसेल, तर मात्र थेट डॉक्टरकडे.

आता दुखत नाही. तिसऱ्या ओळीचं काम अजून चालू आहे. त्यासाठी महिन्यातून एकदा दोघं येतात.