अंगठी पाण्यात पडताना

प्रश्न : ताई, ‘शाकुंतला’तला अंगठी हरवण्याचा प्रसंग मला तैलरंगात करायचा आहे. पण पेन्सिलीने कच्चं रेखाटन केलं की उत्साह तिथेच संपतो. थेट कॅनव्हासवर सुरुवात केली तर चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अहो, तुमचा प्रसंग रंगमंचावर घडतच नाही! शचीतीर्थाच्या पाण्याला वंदन करताना अंगठी गळून पडली असणार, असं पाचव्या अंकात शकुंतलेसोबत आलेली गौतमी म्हणते, तेही अंदाजाने. त्या वेळी शकुंतलेचा हात कसा होता, हे तुम्हालाच ठरवायचं आहे. ते रंगात ठरवायला गेलात तर खरवडण्यातच महिना जाईल.

जॉन एव्हरेट मिले या इंग्रज चित्रकारापुढे हाच पेच होता. ‘हॅम्लेट’मधली ऑफेलियाही प्रेक्षकांसमोर बुडत नाही, राणी येऊन सांगते. मिलेने १८५१ मध्ये हॉग्जमिल नदीकाठी महिनोन्‌महिने बसून आधी पाणी आणि झाडोरा रंगवला. ऑफेलिया नंतर आली, लंडनच्या थंडीत. त्याची मॉडेल एलिझाबेथ सिडल पाणी भरलेल्या टबात पडून राहायची, खाली दिवे लावून पाणी कोमट ठेवायचे. एकदा दिवे विझले, ती बोलली नाही आणि आजारी पडली. (हे आठवलं की त्या चित्राकडे मला नुसतं कौतुकाने बघवत नाही.)

त्या चित्रासाठी मिलेने पेन्सिलीने केलेला तिच्या चेहऱ्याचा अभ्यास बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे. नदी नाही, फुलं नाहीत. फक्त मागे कललेलं डोकं आणि किंचित उघडे ओठ. चित्राचा जीव जिथे आहे, तेवढंच त्याने कागदावर सोडवलं.

तुम्ही बहुधा कच्च्या रेखाटनातच छायाप्रकाशासकट सगळं चित्र पुरं करता, म्हणून उत्साह संपतो. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच-सहा मांडण्या करा, प्रत्येकी दोन मिनिटं. मग फक्त हात. माझ्या एका चित्रासाठी आईने परातीत हात बुडवून पोझ दिली होती. पाण्याच्या रेषेशी बोटं मोडल्यासारखी दिसतात आणि अंगठी काढल्यावर बोटावर फिकट वळ राहतो, हे मला तेव्हा दिसलं. तुम्हीही घरातल्या कुणाला तरी बसवा. अंगठी पडल्याचं शकुंतलेला कळलंय की नाही, हे ज्या रेखाटनातल्या हातावरून कळेल, तेवढं एकच कॅनव्हासशेजारी टाचा आणि रंग काढा.