कोऑप प्रीस्कूलसाठी नोकरी सोडू का?

अमेरिकेत सिएटलजवळच्या रेडमंडहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी तीन वर्षांची, आत्ताचं डेकेअर महिन्याला 2,200 डॉलर, घराजवळच्या कोऑप प्रीस्कूलची (पालकांनी मिळून चालवलेल्या बालवाडीची) फी 400, पण तिथे पालकाला आठवड्यातनं एक सकाळ वर्गात ड्यूटी करावी लागते. म्हणून महिना 6,000 डॉलर हातात येणारी नोकरी सोडायचा विचार आहे. "वाचलेल्या पैशातून लेकीच्या भारतातल्या चाइल्ड प्लॅनचा (विमा पॉलिसीचा) वर्षाचा 3 लाख रुपयांचा हप्ता निघेल, तो टॅक्स-फ्रीच आहे, आमच्या 10 लाखांच्या एनआरई एफडीसारखा (परदेशातल्या भारतीयांची भारतातली मुदत ठेव)."

ताई, 1,800 वाचवायला 6,000 सोडताय, वर डिपेंडंट केअर एफएसए (मुलांच्या सांभाळासाठी पगारातून टॅक्सआधी पैसे बाजूला काढायची सोय) पण जाणार कारण तो सहसा दोघं कमावते असतील तरच मिळतो (2026 पासून वर्षाला 7,500 पर्यंत). आणि कोऑप म्हणजे स्वस्तातलं डेकेअर नव्हे हो. 1916 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या बायकांनी पहिली कोऑप काढली तेव्हापासून पालकाचा वेळ हीच खरी फी आहे. दोन-अडीच तासांचा वर्ग, तोही रोज नाही, ड्यूटीला ब्रश धुवा, खाऊ वाटा, भांडणं सोडवा, वर एखादी कमिटी आणि संध्याकाळची मीटिंग. सिएटलकडच्या बऱ्याच कोऑप कम्युनिटी कॉलेजशी जोडलेल्या आहेत, तिथे पेरेंट एज्युकेशनच्या क्लासला तुमचंच नाव लागतं. लेकीबरोबर वर्गात बसायची हौस असेल तर जरूर जा, फक्त त्याला बचत म्हणू नका.

आता जे विचारलंच नाहीत ते. टॅक्स-फ्री कुणासाठी? एनआरई एफडीचं व्याज भारतात माफ आहे, अमेरिकेत नाही, ते दरवर्षी रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. ते दाखवलंय का? भारतातली खाती आणि पॉलिसीची कॅश व्हॅल्यू मिळून वर्षात एक दिवस जरी 10,000 डॉलरच्या वर गेली तरी एफबार (परदेशातल्या खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला देणारा फॉर्म) भरायचा असतो. तुमची एफडी अकरा-साडेअकरा हजार, आतापर्यंत भरलेल्या दोन हप्त्यांचे अजून सहा-सात, म्हणजे रेषा कधीच ओलांडलीत. बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने हे सांगितलं नसणारच, त्याला कमिशनशी मतलब.

बरं, प्लॅन युलिप आहे, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र, आणि फेब्रुवारी 2021 नंतर घेतलेल्या युलिपचा वर्षाचा हप्ता अडीच लाखांच्या वर असेल तर मुदतीअंती मिळणारे पैसे भारतातही टॅक्स-फ्री नाहीत. विमा हप्त्याच्या दहापट, म्हणजे 30 लाख, साधारण तीस-पस्तीस हजार डॉलर, तुमच्याकडे तेवढ्यात वर्षसुद्धा निघणार नाही. पत्रातलं "15 टक्के तर सुटतातच" हे वाक्य पॉलिसीच्या कागदावर कुठे छापलंय ते मला दाखवा. आतले फंड अमेरिकन टॅक्सच्या नजरेत परदेशी फंड धरले जाऊ शकतात, आणि मग त्याचे फॉर्म भरायची फीच परतावा खाते.

तिसरा हप्ता भरू नका. त्याआधी भारत-अमेरिका दोन्हीकडचं कळणाऱ्या सीपीएला (अमेरिकेतल्या सीएला) गाठा, मागची व्याजं दाखवायची राहिली असतील तर चूक आपणहून दुरुस्त करायची स्ट्रीमलाइन्ड नावाची सोय आहे, पण आयआरएसचं (अमेरिकन टॅक्स खात्याचं) पत्र यायच्या आत. हप्ता थांबवला तर पैसे पाच वर्षं पुरी होईपर्यंत डिस्कंटिन्युड (बंद केलेल्या पॉलिसींच्या) फंडात पडून राहतात, कापले जातात ते काही हजार रुपयेच. विमा दोघांचाही इथलाच साधा टर्म (नुसता विमा, गुंतवणूक नाही) घ्या.

आणि सासूबाईंना व्हिजिटर व्हिसावर बोलावून कोऑपची ड्यूटी करवायची तुमची आयडिया इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय नको. त्यापेक्षा ती एक सकाळ नवऱ्याला काढता येते का बघा, पत्रात त्यांचा उल्लेख फक्त हप्ता ऑटो-डेबिटला लावला म्हणून आलाय.